एल्सपेथबाईंचं दुसरं आडनाव

दिसेल ते टाइप करायचं, समजेल ते नाही. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ आमचं ऑफिस होतं, तिथे भिंतीवर हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून लावलं होतं. नव्या मुलींना पहिल्या दिवशी ते म्हणून दाखवायचं काम माझं. सोळा वर्षं म्हणून दाखवलं. तेवढ्या वेळात एखादं स्तोत्र म्हटलं असतं तर पुण्य तरी लागलं असतं.

मी काय काम करायचे हे अजूनही माझ्या शेजारणीला समजलेलं नाही. ती सगळ्यांना सांगते, "शैलाताईंचं ते झेरॉक्सचं ऑफिस होतं ना, तिथे होत्या त्या." म्हणून आधी कामच सांगते.

परदेशात, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी, जुन्या हस्तलिखित वह्यांचे ढीग आहेत. चर्चमधल्या बारशांच्या आणि दफनाच्या नोंदी, बोटींवरच्या उतारूंच्या याद्या, तुरुंगांची रजिस्टरं. तिकडच्या लोकांना हल्ली आपले खापरपणजोबा कोण होते हे शोधायचा नाद लागलाय. त्यांना नाव टाकून शोधता यावं म्हणून त्या वह्यांच्या पानांचे फोटो काढतात आणि आमच्यासारख्या ऑफिसांना पाठवतात. आम्ही ते पान स्क्रीनवर बघून एकेक रकाना टाइप करायचा. नाव, आडनाव, वय, गाव, पुढचं पान.

एकच पान दोन मुली टाइप करतात, एकमेकींचं न बघता. दोघींचं जुळलं तर ठीक. नाही जुळलं की तो रकाना लाल होतो आणि तिसऱ्या माणसाकडे जातो. ती तिसरी मी. माझ्या हुद्द्याला इंग्रजीत भारदस्त नाव होतं, पण मुली मला तंटामुक्ती म्हणायच्या. शैलाताई गावची तंटामुक्ती समिती.

तंटेही असे, की डोकं धरून बसावं. एका पानावर मृत्यूचं कारण लिहिलं होतं 'ईश्वराची भेट'. जुन्या काळी अचानक मेलेल्या माणसासाठी तिकडे असंच लिहायचे. एका मुलीने ते बरोबर टाइप केलं. दुसरीने 'व्हिजिटेशन ऑफ गॉड'चं केलं 'व्हॅक्सिनेशन ऑफ गोट', म्हणजे 'बोकडाला लस'. मी तिला विचारलं, "अगो, बोकडाला लस टोचली म्हणून माणूस कसा मरेल?" ती शांतपणे म्हणाली, "ताई, समजेल ते टाइप करायचं नाही असं तुम्हीच सांगितलंत."

आणखी एकीने तर एका अख्ख्या गावाचं आडनाव 'डू' करून टाकलं. तिकडचे कारकून आडनाव पुन्हा लिहायचा कंटाळा आला की खाली 'वरीलप्रमाणे' या अर्थाची दोन अक्षरं लिहायचे, 'डी' आणि 'ओ'. हिने प्रामाणिकपणे मेरी डू, जॉन डू, विल्यम डू अशी वस्ती वसवली. ते पान परत आलं तेव्हा आमचे देसाई सर तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

देसाई सर आमचे सुपरवायझर. मूळचे कोल्हापूरचे. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना जगात एकच गोष्ट दिसायची, ती म्हणजे अचूकतेचा टक्का. वीज गेली, इन्व्हर्टर बसला, मुली अंधारात घामाघूम झाल्या, तरी सर विचारायचे, "टक्का किती झाला?" मला वाटायचं, ह्यांच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावरसुद्धा ह्यांनी हेच विचारलं असणार.

तर या ऑफिसात एकदा कैदी बायकांची बॅच आली.

दीडेकशे वर्षांमागे, त्याच्याही आधी, इंग्रज सरकार तिकडच्या चोरांना बोटीत घालून ऑस्ट्रेलियाला पाठवायचं. आपल्याकडे अंदमान, तसं त्यांचं ते काळं पाणी. पुरुष जायचे हे मला ऐकून माहीत होतं. बायकाही गेल्या, हे त्या वह्या उघडेपर्यंत माहीत नव्हतं. आमच्याकडे आलेल्या वह्या टास्मानियाच्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या खाली जे बेट आहे, ते. बाई बोटीतून उतरली की कारकून तिला समोर उभी करून तिची उंची, केस, डोळे, नाक, हनुवटी सगळं लिहून घ्यायचा.

माझ्या शेजारच्या टेबलावर नसीमा बसायची. मिरकरवाड्याची. वडिलांचा ट्रॉलर, नवरा मस्कतला एका दुकानात. आमच्यात सगळ्यात वेगवान बोटं तिची, आणि तोंडही त्याच वेगाने चालायचं.

"शैलाताई, ह्या मेल्यांनी बाईच्या नाकाला पण रकाना ठेवलाय गो," ती म्हणाली. "नाक मध्यम, कपाळ मध्यम, हनुवटी मध्यम. सगळंच मध्यम, मग लिवलान कशाला?"

"खुणा वाच पुढे," मी म्हटलं.

"डाव्या हाताच्या बोटांवर सुरीचे वण." नसीमाने ते पुन्हा वाचलं. मग खुर्ची मागे ढकलून म्हणाली, "ही मासे कापणारी. उजव्या हातात सुरी, डाव्यात मासा. आमच्या जेटीवर बघ, बायकांच्या डाव्या हाताला असेच वण."

पुढच्या रकान्यात धंदा होता: मासे साफ करणारी, घरकामही येते. नसीमाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही कारकुनाची परीक्षा तिनेच घेतली आणि त्याला पास केलं.

ही एल्सपेथ. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका बंदराची. वय चोवीस. गुन्हा: एक ब्लँकेट आणि लहान मुलाचे लोकरी पायमोजे चोरले. पूर्वी दोनदा पकडलेली. शिक्षा सात वर्षं काळं पाणी. शेवटच्या रकान्यात तिचं स्वतःचं सांगणं, कारकुनाच्या शब्दांत: 'नवरा समुद्रावर, दोन वर्षं पत्ता नाही. एक मूल बोटीवर सोबत.'

"पायमोजे," नसीमा म्हणाली. "पोरासाठी पायमोजे चोरलान, तर जगाच्या टोकाला पाठवलीन."

पण माझ्याकडे हे पान आलं ते पायमोज्यांमुळे नाही, आडनावामुळे. तो रकाना लाल झाला होता. नसीमाने मॉयर लिहिलं होतं, दुसऱ्या मुलीने टेट. पानावर होतं 'एल्सपेथ मॉयर किंवा टेट'.

हे मला नंतर कळलं, की स्कॉटलंडमध्ये लग्न झालं तरी कागदावर बाईचं माहेरचं आडनाव राहायचं, आणि 'किंवा' लिहून पुढे नवऱ्याचं जोडायचे. आपल्या बायकांना हे समजावून सांगायला नको. माझं शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. पण आमच्या फॉर्ममध्ये आडनावाला एकच चौकोन, आणि तिकडून आलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलेलं, 'किंवा' आल्यास पहिलं आडनाव घ्यावं, पुढचं सोडून द्यावं. मी निकाल दिला. मॉयर. टेट खोडलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पुढचं पान उघडलं.

महिन्याभराने दुसरी बॅच आली, त्याच बेटावरच्या सरकारी अनाथालयाची. कैदी बायकांसोबत आलेली मुलं बोटीतून उतरल्या उतरल्या आईपासून काढून तिथे ठेवायचे. अनाथालय म्हणे! आई दोन-तीन मैलांवर जिवंत, आणि पोर अनाथ. त्या रजिस्टरात एका बोटीच्या नावावरून तंटा आला, तो मी सोडवला. मूल होतं जीन टेट, वय तीन. आईबाप या रकान्यात फक्त 'आई कैदी'. मी बोटीचं नाव दुरुस्त केलं आणि पुढे गेले. तेव्हा माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. याचा मला अजून राग येतो.

पेटलं ते तिसऱ्या बॅचला. ती अर्जांची होती. लोकांनी सरकारला केलेले अर्ज, आणि समासात साहेबाचा शेरा. एल्सपेथ मॉयर हिच्या वतीने कुणीतरी लिहून दिलेला अर्ज होता. आपली मुलगी जीन अनाथालयात आहे, तिला महिन्यातून एकदा बघायची परवानगी मिळावी. समासात शेरा: 'मॉयर नावाचं मूल वहीत नाही.' खाली सही, ऐटदार, शेपूट काढलेली.

मी ते टाइप केलं. दुपारी डबा धुताना नळाखाली हात होता आणि एकदम आठवलं. जीन. तीच बोट.

जुन्या बॅचेस काम पूर्ण होईपर्यंत मला उघडता यायच्या. आधी अनाथालयाचं पान काढलं, मग बोटीवरून उतरलेल्या बायकांचं, मग अर्जाचं. तिन्ही बाजूबाजूला लावली. मूल वहीत होतं. टेट नावाखाली होतं. साहेबाने फक्त म वरून शोधलं आणि वही मिटली. आईच्या पानावर 'किंवा'च्या पुढचं अक्षर वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

मी स्क्रीनवरच्या त्या पानाला मोठ्याने म्हटलं, "अहो, पुढे बघा ना! त्याच वहीत आहे!" सगळ्या मुली वळून बघायला लागल्या. पण मग माझ्याच लक्षात आलं, की मीही तेच केलं होतं. त्याने शाईने केलं, मी कीबोर्डवर.

चहाच्या सुट्टीत नसीमाला सांगितलं. पेन-कागद आत न्यायला बंदी होती, मोबाइलही बाहेर लॉकरमध्ये, त्यामुळे सगळं तोंडपाठ करून सांगावं लागलं. नसीमाचं त्या वेळी मस्कतच्या व्हिसाचं चाललं होतं. नवऱ्याकडे जायचं होतं पोरीला घेऊन. पण पासपोर्टवर नाव एका स्पेलिंगने, निकाहनाम्यावर दुसऱ्या, शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव पुढे. एक खिडकी दुसऱ्या खिडकीकडे पाठवायची. वर्ष होत आलं होतं.

ती कप आदळून म्हणाली, "ताई, त्या बाईला वाचता येत असतं, तर ती वही हिसकून घेऊन दाखवली असतीन. ही बघ माझी पोर म्हणून."

तिला वाचता येत नव्हतं. वर्णनाच्या पानावरच लिहिलं होतं, लिहिता-वाचता येत नाही. म्हणजे आपलं नाव काय लिहून घेतलंय हेही तिला माहीत नसणार. तिने तोंडाने दोन्ही नावं सांगितली असतील. कोणतं घ्यायचं ते टेबलापलीकडच्याने ठरवलं.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. प्रत्येक कैदी बाईचं तिथे वर्तनाचं पान असायचं. आपल्याकडे शाळेत शेरे लिहितात तसं. एल्सपेथबाईंचं पान काढलं. (तोपर्यंत मी त्यांना बाई म्हणायला लागले होते.) त्यांना एका घरी मोलकरीण म्हणून ठेवलं होतं. आणि पान भरून गुन्हे! परवानगीशिवाय गैरहजर. पुन्हा गैरहजर. मालकिणीशी उद्धटपणा. गैरहजर. शिक्षा: दहा दिवस एकांत कोठडी, पाव आणि पाणी. पुढची शिक्षा: बायकांच्या कारखान्यात सहा आठवडे कपडे धुणं. कारखाना हे नाव, होता तुरुंगच. एका शेऱ्यात केस कापल्याचं होतं.

खरं सांगते, मला त्यांचाच राग आला. अहो बाई, जरा दम धरा ना. नीट वागलात तर बाहेर मोकळं राहायचा परवाना लवकर मिळेल. प्रत्येक गैरहजेरीने तो लांब जातोय हे कळत नाही का? माझ्या हाताखालच्या मुलींना ओरडावं तशी मी मनातल्या मनात त्यांना ओरडत होते.

मग नसीमानेच दाखवलं. "ताई, सापडली कुठे ते वाच गो."

प्रत्येक गैरहजेरीच्या पुढे कुठे पकडली ते लिहिलेलं. एकच रस्ता. दर वेळी तोच रस्ता, आणि एकदा तर 'भिंतीपाशी सापडली'. अनाथालयाच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर पत्ता होता. तोच रस्ता. गैरहजेऱ्या पाच, ठिकाण एक. एका उद्धटपणाच्या शेऱ्यात तर कारकुनाने तिचे शब्दच लिहून ठेवले होते. मालकीण भांडी घास म्हणाली, तेव्हा ही म्हणाली, माझं मूल मला दाखवा, मग घासते.

कुणालाच हे दिसलं नव्हतं. गुन्हा एका रकान्यात, ठिकाण दुसऱ्या, पत्ता तिसऱ्याच वहीत. ज्याने एक वाचलं त्याने दुसरं वाचलं नाही.

आता मी जे केलं, ते नियमाविरुद्ध केलं. जीन टेटच्या नोंदीत शेरा हा रकाना रिकामा होता. त्यात मी टाइप केलं: आई, एल्सपेथ मॉयर किंवा टेट, त्याच बोटीने आलेली. आणि आईच्या नोंदीत मुलीचं नाव घातलं. मनाला बरं वाटलं. घरी जाताना मासे घेतले.

आठवड्याने अख्खी बॅच नापास होऊन परत आली. पानावर नसलेला मजकूर घातला, हे कारण. एका चुकीसाठी सगळी पानं पुन्हा तपासायची, आणि टक्का पडला तो सगळ्या टीमचा. मुली माझ्याशी बोलेनात. त्यांचा राग रास्त होता. देसाई सरांनी मला आत बोलावलं.

"मॅडम, तुम्ही? 'डू'वाल्या मुलीने केलं असतं तर मी समजलो असतो."

मी सगळं सांगितलं. आई, मूल, रस्ता, भिंत. सर ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, विचार करायचं काम आपल्याला दिलेलं नाही. विचार तिकडचे लोक करतील."

"तिकडच्या लोकांना ती सापडणारच नाही सर. टेट कुणी शोधलं तर आई नाही, मॉयर शोधलं तर मूल नाही. दोघींना आपण कापून वेगळं केलंय. एकदा त्या साहेबाने केलं, आता आपण कायमचं करतोय."

"ते शेरे काढा," सर म्हणाले.

मी काढले. माझ्या हाताने. ते करताना जे वाटलं, ते लिहीत नाही.

मग तिकडच्या लोकांना एक मेल लिहिलं, नियम बदला म्हणून. दोन पानी. त्यात एल्सपेथबाईंची सगळी कथा. सरांच्या परवानगीशिवाय मेल जायचं नाही, म्हणून त्यांच्याकडे नेलं. मला वाटलं फेकून देतील. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"असं नाही चालणार," ते म्हणाले. "भावना काढून टाका. टक्का घाला."

आणि त्यांनी स्वतः बसून चार ओळी लिहिल्या. 'किंवा' असलेल्या नोंदींत दोन टायपिस्टांचं जुळत नाही, त्यामुळे तंटे वाढतात, कामाची गती घटते, सबब दोन्ही आडनावांना जागा द्यावी. सोबत नमुन्याची पानं. पहिलं पान एल्सपेथबाईंचं. कोल्हापूरच्या माणसाचं मला तेव्हा पहिल्यांदा कौतुक वाटलं, आणि तेही लगेच बोलून दाखवलं नाही.

उत्तर येईना. मी रोज विचारायचे, सर रोज मान हलवायचे. दोन महिने गेले. मग एके दिवशी सूचनांची नवी प्रत आली, नेहमीसारखी, ना आभार, ना काही. तिसऱ्या पानावर एक ओळ बदललेली: 'किंवा' आल्यास दोन्ही आडनावं घ्यावीत.

मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात खालची ओळ वाचली. आधी केलेल्या सगळ्या नोंदी याप्रमाणे दुरुस्त कराव्यात.

सगळ्या! मुलींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी निवृत्तीपर्यंत विसरले नाही. "शैलाताईंच्या सासूबाईंमुळे," त्या म्हणायच्या. एल्सपेथबाई ऑफिसात माझ्या सासूबाई झाल्या. कुणाला पाठदुखी झाली की सासूबाईंमुळे, कुणाची बस चुकली की सासूबाईंमुळे. दोन-अडीच महिने आम्ही ती पानं पुन्हा उपसत होतो. वीज तर त्याच दिवसांत सारखी जायची, जशी काही तिलाही कुणी सूचना पाठवली होती.

ह्या दुरुस्त्या चालू असतानाच लग्नाच्या परवानग्यांचं रजिस्टर आलं. कैद्याला लग्न करायचं तर सरकारची परवानगी लागायची. एल्सपेथ मॉयर किंवा टेट हिने एका चांभाराशी लग्नाची परवानगी मागितली होती. तोही कैदीच, शिक्षा संपलेला. शेरा: नामंजूर. कारण? आली तेव्हा विवाहित असल्याचं तिने सांगितलं होतं. बघा आता! मुलगी शोधताना हिचं 'किंवा टेट' कुणाला दिसलं नाही. लग्न नाकारताना मात्र बरोब्बर दिसलं.

मी टेबलावर हात आपटला. नसीमा म्हणाली, "ताई, पुढे हाय अजून."

तीन पानं पुढे तोच अर्ज पुन्हा. या वेळी मंजूर. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, की तिच्या गावच्या चर्चच्या पाद्र्याचं पत्र आलं आहे, नवऱ्याची होडी परत आली नाही, तिच्यावरचे सगळे बुडाले असं धरलं आहे.

नसीमाने त्या ओळीवर बोट ठेवलं. तिच्या धाकट्या चुलत्याची होडीही एकदा अशीच परत आली नव्हती.

चांभाराला लिहिता-वाचता येत होतं. लग्नानंतर लगेच अनाथालयाला गेलेला अर्ज आम्हाला अर्जांच्या पुढच्या बॅचमध्ये मिळाला, तो त्याच्याच सहीचा, त्याच्याच अक्षरात आहे, ठसठशीत, जरा वाकडा. त्याने पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'एल्सपेथ मॉयर किंवा टेट, हिचं मूल जीन टेट या नावाने आपल्या वहीत आहे'. एवढंच लागत होतं. एक माणूस, ज्याने वही कशी वाचतात हे जाणून ते नाव बरोबर लिहिलं. अनाथालयातून सोडलेल्या मुलांची वेगळी वही त्यानंतर आली, तिच्यात जीनच्या नावापुढे, बाहेर गेली ती तारीख आणि कुणाकडे, तर आईकडे.

जीन तेव्हा नऊ वर्षांची होती. तीन वर्षांची असताना नेली होती. भिंतीपलीकडून आईने तिला कधी पाहिली का, तिने आईला ओळखलं का, पहिल्या दिवशी दोघी एकमेकींशी काय बोलल्या, यातलं काहीही लिहिलेलं नाही. ज्या सरकारने नाकाची लांबी लिहून ठेवली, त्याने हे लिहिलं नाही.

खंत एकच सांगते. कैदी बायकांची ही काही पहिली बॅच नव्हती. दोन वर्षं आधी स्कॉटलंडच्या एका तुरुंगाची रजिस्टरं आम्ही केली होती, त्याच जुन्या नियमाने. ते काम संपवून, तपासून, कधीच पाठवून झालं होतं. ते पुन्हा उघडता येत नाही. त्यात किती 'किंवा' मी अर्ध्या-अर्ध्या मिनिटात खोडले, आठवत नाहीत. कुठे कुणाचं मूल माझ्या हाताने तुटलं असेल, ते शोधायलाही आता जागा नाही. देसाई सर म्हणाले, "मॅडम, नियम होता." हो, होता. त्या शेपटीवाल्या सहीच्या साहेबाकडेही असणार एखादा.

नसीमाचा व्हिसा शेवटी झाला. तिने तीनही नावांचं एक प्रतिज्ञापत्र करून घेतलं, स्टँप लावून, नोटरीसमोर. त्यावर 'ऊर्फ' हा शब्द दोनदा होता. मी तिला म्हटलं, ह्याला म्हणतात 'किंवा'. ती मस्कतला गेली, आणि तिच्या टेबलावर आलेल्या मुलीने पहिल्या आठवड्यात 'रेव्ह्ड'चं 'ब्रेड' वाचून एका पाद्र्याला पाव केलं. जाऊ दे.

नसीमा जायच्या थोडं आधी आम्ही दोघींनी एक शेवटचं पान पाहिलं. त्याच बेटावरच्या एका छोट्या चर्चचं लग्नाचं रजिस्टर. नवरी जीन टेट, वय एकोणीस. नवरा गाडीवान. खाली सह्या. जीनने स्वतःची सही केली होती. अनाथालयात लिहायला शिकली असणार, अक्षर गोल, वळणदार. तिच्या खाली साक्षीदारांत एक फुली. फुलीच्या दोन बाजूंना कारकुनाने नाव लिहिलं होतं, एल्सपेथ, तिची निशाणी. फुली इतकी दाबून काढली होती की शाई पसरून मागच्या पानापर्यंत उतरली होती.

"आली बघ लग्नाला," नसीमा म्हणाली.

त्यापुढची वही आमच्याकडे आली नाही. ती दुसऱ्याच कुठल्यातरी देशातल्या ऑफिसला गेली. तिथे कुणी ती वाचली, की नुसती टाइप केली, मला माहीत नाही.